घोडीच्या डाव्या मांडीतलं रक्त

पशुवैद्यकीच्या एम.व्ही.एस्सी.ला मी जो विषय घेतला त्यावर आमच्या घरात आजही हसतात. घोड्याला गुंगीचं औषध दिलं, भूल दिली, तर त्याच्या पायातलं रक्त कसं वाहतं ते सोनोग्राफीवर बघायचं. दोन वर्षं मी हेच केलं. विषय मंजूर झाल्याचं सांगायला धामणगाव बढ्याला फोन केला, तर वडील म्हणाले, "आपल्या गावात घोडं कोनाजवळ हाये वं?"

मी म्हटलं, कोणाजवळच नाही.

"मंग शिकून येशीन त कोनाच्या मांड्या पाह्यशीन तू?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला राग आला. मला राग लवकर येतोच, पण समोरच्याचं बरोबर असलं की जास्त येतो.

त्या दोन वर्षांत मी काय शिकले ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घोड्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ आणि केस विरळ असतात, तिथं जेल लावून मशीनचा प्रोब टेकवला की बोटाएवढी जाड धमनी दिसते. डॉपलरचं बटण दाबलं की तिच्यात लाल-निळे रंग भरतात. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, हे शाळेतलं डोक्यातून काढायला मला महिना लागला. इथं लाल म्हणजे प्रोबकडे येणारं आणि निळं म्हणजे लांब जाणारं, एवढंच. खाली आलेख उमटतो: एक उंच सुळका, मग रेषेखाली छोटा खड्डा, मग एक बारीक टेकाड. रक्त जोरात पुढं जातं, क्षणभर मागं सरतं, पुन्हा थोडं पुढं जातं. जागा घोडा असा दिसतो. गुंगीचं औषध दिलं की सुळके दूर दूर जातात, खड्डा खोल होतो आणि शेवटचं टेकाड सपाट होतं. घोडा आडवा पाडला की आणखी एक भानगड. एवढं मोठं धूड स्वतःच्याच खालच्या मांडीवर पडतं आणि तिथलं रक्त अडतं. फार वेळ अडलं तर मांस खराब होतं, आणि ऑपरेशन झकास होऊनसुद्धा घोडा पुन्हा उभा राहत नाही.

हे वडिलांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे त मीबी सांगतो. एका कुशीवर लय झोपलं का हाताले मुंग्या येते."

नोकरी लागली ती लोणार तालुक्यात, सुलतानपूरच्या अलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात. गाई, म्हशी, बकऱ्या, कोंबड्या, आणि आठवड्याला एखादं कुत्रं. घोडा नाही. तिसऱ्या वर्षी सोनोग्राफीचं छोटं मशीन आलं, सुटकेसएवढं, गाई गाभण आहेत का बघायला. त्यात डॉपलरचं बटण होतं. ते मी कधी दाबलं नाही, गाईच्या पोटात बघायला ते लागत नाही. माझ्या प्रबंधाची काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड प्रत लसींच्या फ्रीजखाली गेली. फ्रीजचा एक पाय आखूड होता. आमचे परिचर वीट शोधत होते, मीच म्हटलं, हे घ्या, वीट कशाला. ते कचरले. "म्याडम, पुस्तकाले पाय लागते." मी म्हटलं, फ्रीजचा पाय चालतो. त्यावर आम्ही दोघं हसलो, आणि दवाखान्यात नवीन कोणी आलं की मी हा किस्सा सांगायला लागले. आपल्यावर दुसऱ्यानं हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, हे मी वडिलांपासून सुटका म्हणून शिकले होते.

घोडी आली ती दिवाळीनंतर. तिचे मालक साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं कमी. सुलतानपूरकडच्या लग्नांत वरातीला घोडी यांचीच असे. पांढरी स्वच्छ, कपाळावर गुलाबी झाक, चालताना मान अशी धरायची की नवरदेव उगाच देखणा वाटावा. तिच्या उजव्या बाजूला, खोगिराचा पट्टा आवळतात तिथं, लिंबाएवढी गाठ आली होती. पट्टा घासला की रक्त यायचं. खोगीर कसता येत नाही म्हणजे लग्नसराई बंद.

"काढून टाका म्याडम," ते म्हणाले. "माहं जाऊ द्या, तिले खाज सुटते. रातभर भिताडाले घासते."

गाठ मी हातानं चाचपली. कातडीपुरतीच होती. पाऊण तासाचं काम, पण उभ्या घोडीवर करण्यासारखं नव्हतं, आडवी पाडावी लागणार. मी म्हटलं, तुमच्याच अंगणात करू, सकाळी, ऊन चढायच्या आत. आदल्या रात्रीपासून दाणा द्यायचा नाही. गाठ उजवीकडे, म्हणजे घोडी डाव्या कुशीवर पडेल, तर खाली गाद्या लागतील, नसतील तर पोत्यांत सोयाबीनचं भुसकट, म्हणजे कुटार, भरून ठेवा, जाडच्या जाड. ते प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होते.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. सहा वर्षांनी घोडा. आदल्या संध्याकाळी मी मशीन चार्जिंगला लावलं आणि डॉपलरचं बटण दाबून स्वतःच्या मनगटावर प्रोब धरून बघितला. शप्, शप्, शप्. परिचर म्हणाले, "गाभन हाये का?" मी त्यांना हाकललं.

सकाळी गेलो तर अंगण सारवलेलं, पोती मांडलेली, आणि घोडी न्हाऊमाखू घातलेली. आयाळ विंचरून तेल लावलेलं, खुरंसुद्धा पुसलेली. आपल्याकडे लेकराला डॉक्टरकडे न्यायचं तर आधी तोंड धुऊन, भांग पाडून, ठेवणीतला सदरा घालतात, मग त्याला शंभर ताप का असेना. घोडीचंही तसंच केलं होतं. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. चहा घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही घ्या आधी. तर म्हणाल्या, "म्या नाई घेतला अजून. ते उपाशी हाये, मंग मी कशी खाऊ?" घोडीबरोबर बाईंनीही रात्रीपासून उपास धरला होता.

घोडी मान खाली घालून उभी होती. मी तिच्या पोटाखाली वाकले, मागच्या पायांमध्ये हात घातला, मांडीचे केस कापले, गार जेल लावलं. हलली नाही. कॉलेजातले घोडे एवढ्यात दोन लाथा हाणायचे. मी मालकांकडे बघून म्हटलं, "काय शहाणी घोडी आहे हो तुमची!"

त्यांनी मान हलवली. तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. मला ते दिसलं, पण मी त्याचा विचार केला नाही.

डाव्या मांडीवर प्रोब टेकवला. औषध देण्याआधी जागेपणीचा आलेख घ्यायचा, ही कॉलेजातली सवय. पडद्यावर सुळका आला. मग लांबलचक रेषा. मग दुसरा सुळका. मधला खड्डा खोल, आणि टेकाड कुठं दिसेना. मी प्रोब सरकवला, पुन्हा तेच. छातीला स्टेथोस्कोप लावला, ठोके सावकाश, मिनिटाला चोवीसच्या आत-बाहेर. चालणारी घोडी आहे, दमदार असणार, ठोके कमीच असतात अशांचे, असं मी मनाशी म्हटलं. आलेखाबद्दल म्हटलं, हे मशीन गाईंचं, याला काय कळतंय घोड्याची मांडी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं माझं झालं. फरक एवढाच की मला नाचता येत होतं. दोन वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. तो आलेख गुंगीतल्या घोडीचा होता हे ओळखू शकेल असं त्या वेळी अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होतं, आणि ते माणूस प्रोब पुसून बाजूला ठेवत होतं.

मी वजनाच्या हिशेबानं गुंगीचं पूर्ण इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत घोडीचं नाक जमिनीला टेकायला आलं. मग झोपेचं दिलं. ती मागच्या मागे बसली आणि धप्पकन डाव्या कुशीवर गेली. मी ठरवलं होतं त्यापेक्षा फार जड पडली.

गाठीवर पहिला छेद घेतला तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलंय. रक्त यायला हवं तसं आलं नाही. आलं ते काळपट, आणि आळसावल्यासारखं. ओठ उलटून हिरडी बघितली, राखेसारखी. ठोके मोजले, सोळा. मग मधे एक ठोका गाळला. परिचरांनी माझ्याकडे बघितलं आणि न सांगता सलाईनच्या बाटल्या अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायला सुरुवात केली. ते तीस वर्षं हे काम करत होते. माझा चेहरा त्यांना आलेखापेक्षा लवकर वाचता यायचा.

मी गुडघ्यावर बसून घोडीच्या मागच्या पायांमध्ये हात घातला आणि खालच्या, डाव्या मांडीवर कसाबसा प्रोब पोचवला. धमनी दिसत होती. रंग नव्हता. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आवाज मोठा केला. नुसती खरखर.

"हिला काही दिलं होतं का?" मी ओरडले. "घरून काही दिलं होतं का हिला?"

मालक खाली बघत उभे. त्यांच्या बायकोनं दारातून म्हटलं, "सांगा ना आता, काऊन गप बसले? सुई देली ना तुमी तिले सकायी!"

तर घोडं तिथं पेंड खात होतं. लग्नांत डीजे आल्यापासून घोड्या बिथरायला लागल्या. मग या धंद्यातल्या माणसांनी उपाय काढला: वरातीआधी मानेत गुंगीची अर्धी सुई टोचायची. औषध तेच, जे मी दिलं होतं. कोणाकडून आणतात हे मी नंतरही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी अर्धीऐवजी पुरी सुई दिली होती.

"तुमी बाईमानूस," ते म्हणाले. "लात मारली असती तिनं. तुमाले तरास नको म्हून."

म्हणजे अंघोळ, भांग, तेल, आणि त्यातच ही सुई. डॉक्टरणीसमोर लेकरू रडू नये म्हणून. मला संताप आला. मी त्यांना सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. अक्कल आहे का, म्हटलं. मारायला आणली होती का तिला, म्हटलं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून ऐकत होता. आणि बोलता बोलता मला मशीनवरचा सकाळचा आलेख दिसत होता. म्हणून मी आणखी जोरात बोलत होते.

औषधाचा उतारा असतो. तो माझ्या कपाटात नव्हता, घोडा येतो कशाला म्हणून मीच कधी मागवला नव्हता. बुलढाण्याच्या एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, एसटीच्या कंडक्टरजवळ देते. म्हणजे दोन-अडीच तास, वरातीमागून घोडं. तोवर औषध आपलं आपण उतरलं असतं किंवा घोडी गेली असती.

गाठ तशीच ठेवली. छेदाला चार टाके घातले. आता प्रश्न एकच होता, खालचा पाय. चार माणसं बोलावली. घोडीला एकदम पाठीवरून उलटवायची नाही, तिचे पाय पोटाशी घेऊन, आधी छातीवर बसती करून, मग सावकाश दुसऱ्या कुशीवर, हे मी सांगत होते आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. मालकांनी डोकं धरलं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यावर उपरणं टाकलं, आणि आम्ही तिला वळवली. डावा पाय वर आला. मांडीचं मांस हाताला लाकडासारखं लागलं.

प्रोब टेकवला. खरखर. सलाईनची बाटली परिचर दोन्ही हातांनी पिळत होते. मी मांडी चोळत होते, प्रोब टेकवत होते, पुन्हा चोळत होते. किती वेळ ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं, प्रबंधात मी सेकंद मोजले होते.

मग पडद्यावर धमनीच्या मधोमध एक निळी रेघ आली. सुताएवढी. गेली. पुन्हा आली, तिच्यामागून लाल. आणि मशीनमधून आवाज आला, शप्. बराच वेळ काही नाही. शप्.

"वाजलं!" मालकीणबाई ओरडल्या. त्या कधी दारातून येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नव्हतं. "वाजलं ना वं बाई ते?"

"हो, वाजलं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. हात जेलनं भरलेले होते, डोळे पुसणार कशानं?

घोडी तासाभरानं जागी झाली. पहिल्या खेपेला उठायला गेली आणि डावा पाय वाकून कोसळली. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्यांदा मालकांनी शेपूट धरलं, आम्ही खांदे लावले, ती उभी राहिली. तीन पायांवर. चौथ्याचं टोक नुसतं जमिनीला लागलेलं, आणि अंगभर कापरं. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. मांडीतलं मांस मेलं की त्याचा रंग असा उतरतो. मी तीन दिवस सलाईन लावत राहिले. लघवीचा रंग फिका झाला, पण पाय ओढतच राहिला.

गावात एव्हाना गोष्ट पक्की झाली होती. घोडीवाल्यानं स्वतःच सुई मारली, डॉक्टरीनबाईनं वाचवली. दवाखान्यात म्हैस घेऊन आलेली माणसं मला म्हणायची, "बाप्पा, तुमी नसत्या त मेली असती ते." मी त्यावर काही बोलत नसे. परिचरांनाही मी त्या सकाळच्या आलेखाचं सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी मी फ्रीज उचलून धरायला त्यांना बोलावलं, खालची काळी प्रत काढली आणि तिथं वीट सरकवली. पुठ्ठ्यावर फ्रीजच्या पायाचा गोल ठसा उमटला होता. आत आलेख होते. बाविसाव्या पानावर त्या सकाळचा आलेख होता, जसाच्या तसा, खाली मी स्वतःच लिहिलेलं: गुंगीचं औषध दिल्यानंतर.

त्या दिवशी मी घोडीकडे गेले तेव्हा मालक तिची मांडी कोमट तेलानं चोळत होते. दिवसातून चारदा चोळायचे. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा. आणि त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं. "औषध द्यायच्या आधीच. मशीनवर आलं होतं की हिला गुंगी आहे. मी शिकलेच तेवढं आहे. मला वाटलं मशीन चुकतंय."

त्यांचा हात थांबला नाही.

"मंग इचारलं काऊन नाई?"

"हेच की. आणि तुम्ही सांगितलं का नाही? मी सुई भरत होते, तुम्ही समोर उभे होतात."

त्यांनी हातावर आणखी थोडं तेल घेतलं. मग म्हणाले, "मी सांगनारच व्हतो म्याडम. तोंडावर आलं व्हतं. पन तुमी तिले शहानी म्हनल्या ना. लोक तिले देखनी म्हंते, पांढरी म्हंते. शहानी म्हननारं कोनी भेटलं नाई आजलोक. मले वाटलं, आता कसं सांगू का हे शहानी नाई, गुंगीत हाये."

त्या एका शब्दावर मी विचारायचं सोडलं होतं आणि त्यांनी सांगायचं, आणि पाय मात्र तिचा गेला होता. मी म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणाले, माहीबी. आतून बाईंनी चहा आणला. या खेपेला त्यांनी स्वतःसाठीही आणला होता.

लग्नसराई गेली. घोडी दारात उभी राहिली, वराती दुसऱ्या गावच्या घोडीवरून निघाल्या. मी आठवड्याला एकदा जायचे, मांडीवर मशीन लावायचे आणि वहीत आलेख काढून ठेवायचे. तीन महिने टेकाड दिसलं नाही. मग एकदा दिसल्यासारखं वाटलं, पण मी स्वतःवर विश्वास ठेवायचं अजून शिकत होते, म्हणून परिचरांना विचारलं, तुम्हाला काय दिसतं? ते चष्मा वर करून म्हणाले, "बांधासारकं काईतरी हाये बा बारीक." म्हणजे होतं. त्यानंतर ती पाय टेकवायला लागली, मग चालायला. पण त्या पायात जोर आहे का, हे चालण्यावरून कळत नव्हतं. बसताना अजून डावीकडं तोल जायचा. मालक विचारायचे, "वरातीत उभी राह्यीन का?" मी म्हणायचे, माहीत नाही. खोटं बोलायची इच्छा उरली नव्हती.

मृगाच्या आधी गाठ पुन्हा सुजली आणि आम्ही ठरवलं की आता काढायचीच. उतारा मी कपाटात आणून ठेवला होता, दोन बाटल्या. पुन्हा सकाळ, पुन्हा सारवलेलं अंगण, कुटाराची पोती. घोडीला आंघोळ घातलेली होतीच, ते त्यांच्यानं सुटणार नव्हतं. पण आयाळ विस्कटलेली, कान मागे दाबलेले, आणि शेपटीचे फटकारे चाललेले.

मी फाटकातूनच विचारलं, "घरून काही दिलं का?"

"काईच नाई," मालक म्हणाले. "पान्याचा घोटबी तुमाले इचारून देईन. पन म्याडम, जरा सांभायून. आज ते काई शहानी नाई."

मी वाकले. मागच्या पायांमध्ये हात घातला, जेल लावलं, प्रोब टेकवला. सुळका, खड्डा, टेकाड. सुळका, खड्डा, टेकाड. जवळ जवळ, भराभर. बाविसाव्या नव्हे, अकराव्या पानावरचा, जाग्या घोड्याचा आलेख. मी मालकांना दाखवायला मान वळवली, आणि तेवढ्यात तिनं लाथ हाणली.

मी अंगणात चार हात लांब जाऊन पडले. मशीन परिचरांनी झेललं म्हणून वाचलं. मांडीत अशी कळ गेली की काही वेळ श्वासच घेता येईना. मालकीणबाई पाणी घेऊन धावल्या, मालक घोडीला शिव्या घालत होते, आणि मी सारवलेल्या मातीवर बसून दोन्ही हातांनी मांडी धरून विचारत होते, "कोणत्या पायानं? अहो, सांगा ना, कोणत्या पायानं मारली?"

मालक शिव्या देता देता थांबले. त्यांनी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डाव्या," ते म्हणाले आणि मटकन माझ्यासमोर खाली बसले.